अकरावर थांबलेलं घड्याळ

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दुकानातून, दुपारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे मजेत असाल. मीही बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. दुकानाच्या काउंटरची काच बदलली. समोरच्या शिंप्याने गाशा गुंडाळला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तू म्हणशील, एवढं सांगायला पत्र कशाला, ताईचा फोन बिघडलाय का? नाही बिघडला. चार वेळा उचलला आणि ठेवला.

मंगळवारी एक बाई आल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि मी बघताक्षणी ओळखलं. सर्जनसाहेबांचं सोन्याचं घड्याळ! बाई त्यांची मुलगी. "बाबा गेल्यापासून बंदच आहे," म्हणाल्या. वार, तारीख, तीन छोट्या तबकड्या, कडेला स्टॉपवॉचची दोन बटणं. आठवतं ना? साहेबांनी ते साफ करायला दिलं तेव्हा आपल्या बाबांनी आपल्याला हात धुऊन यायला लावलं होतं, आणि तेही नुसतं बघायला! "आपलं घर विकलं तरी असं यायचं नाही," म्हणाले होते.

आणि बाबा दुपारचे झोपल्यावर तू त्यावर मी किती वेळ श्वास रोखते ते मोजलंस. सत्तेचाळीस सेकंद. मधे मी नाकाने चोरून श्वास घेतला तो तू पकडलास. बाबांना जाग येऊ नये म्हणून तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसलो होतो आपण. तू पंधराचा, मी एकोणीसची. तसं हसणं मला पुन्हा जमलं नाही रे.

काल मी त्याचं मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारा आत सुईने बारीक नोंद कोरून ठेवतो, तुला माहीत आहे. बाबांचं ते मुंगीएवढं अक्षर दिसलं: "तारखेच्या चाकाला नवा दात." डोळ्याला भिंग तसंच लावून मी रडले.

आता लिहूनच टाकते. तो दात मी तोडला होता.

तू पाणी प्यायला आत गेलास. उरलीसुरली चावी संपून घड्याळ थांबलं होतं; वेळ लावलेली नव्हतीच, काटे अकरावर. मला माझ्या वाढदिवसाची तारीख त्या छोट्या खिडकीत बघायची होती. बस्स, एवढंच खूळ! काटे रात्रीच्या नऊ ते तीनच्या मधे असले की आतलं चाक तारीख बदलायला अडकलेलं असतं, तेव्हा हाताने तारीख फिरवायची नसते. बाहेर दिवस असो की रात्र, घड्याळाला काय कळतंय? मला तरी तेव्हा कुठे कळत होतं? मी फिरवली. कट् झालं. मी ते होतं तसं ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "टेबलाशी कोण बसलं होतं?" तू सरळ म्हणालास, "मी. पण मी फक्त बटण दाबलं." त्यांनी ऐकून घेतलं नाही. "फुटके हात आहेत तुझे, पुन्हा टेबलाला शिवायचं नाही," म्हणाले. मी दारातच उभी होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

घाबरले होते, हे अर्धं खरं. दोन महिन्यांनी बाबांनी टेबलाशी काम शिकायला तुझ्या जागी मला बसवलं, आणि मला ती जागा हवीच होती. तू गोदामात नोकरीला लागलास, मी हातात चिमटा धरायला शिकले. बाबा गेले त्या दिवशीही सांगितलं नाही. आज जो तो मला कसबी बाई म्हणतो आणि मी मान डोलावते.

गप्पच राहिले असते. पण गेल्या महिन्यात तुझी नात बघायला आले. पोर सगळ्यांच्या मांडीवर फिरली, तू मात्र हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभा. सूनबाईने पुढे केली तर म्हणालास, "माझ्याकडे नको, माझ्या हातून काही धड राहत नाही." सगळे हसले. मी चहा तसाच खाली ठेवला. वेड्या, अडतीस वर्षं तू हे खरं मानत आलास?

घड्याळं दुरुस्त करून केस पिकलेली बाई सांगतेय, नीट ऐक. ते बटण तू हजारदा दाबलं असतंस तरी तारखेचा दात तुटला नसता. तुझ्या हातांनी काहीही मोडलेलं नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव. मग आत जा आणि पोरीला उचल. मानेखाली हात तेवढा ठेव, बाकी तुला जमेल.

तू म्हणू देशील तोवर तुझी,
ताई