एका वाढणीतलं मीठ

३ मार्च
रजा संपली. ऑफिसला गेले. हे जाऊन आज एकोणतीस दिवस.
टेबलावर हॉटेलांच्या मेनूकार्डांचा गठ्ठा तसाच होता. कुठल्या पदार्थात किती मीठ, किती साखर – आकडे हॉटेलांनी जोडलेल्या प्रयोगशाळेच्या कागदांशी जुळतात का पाहायचं आणि सही करायची. दिवसभर तेच केलं. कुणी फार बोललं नाही. बरं झालं.

४ मार्च
नणंदेचा फोन. म्हणाली, वहिनी, तुमच्या पथ्यामुळेच दादा इतका टिकला. मी हं-हं केलं.

६ मार्च
कोपऱ्यावरच्या हॉटेलची तपासणी. दर शनिवारी आम्ही दोघं तिथे जायचो. ह्यांचं ठरलेलं – भाज्यांचं सूप. हृदयाचं दुखणं, दिवसाला तीनच ग्रॅम मिठाची परवानगी. कार्डावर बोट ठेवून वेटरला सांगायचे, "एकच ग्रॅम! आकडा बायकोनं पास केलाय."
आज सूप मागवून मापाच्या भांड्यात ओतलं. कार्डातला एक ग्रॅम एका वाढणीचा. वाढणी म्हणजे दोनशे मिली – खाली बारीक अक्षरांत. वाडग्यात निघालं सहाशे. म्हणजे सगळ्या दिवसाचं मीठ.
मालक हसून म्हणाले, आमचा हात आखडता नाही, मॅडम.
मी कागद पाहून सही केली होती. आणि वाडगा तर दर शनिवारी माझ्यासमोरच असायचा.

९ मार्च
ह्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, एका सुपानं माणूस जात नाही, ताई.
एका सुपानं नाही. दोन वर्षांचे शनिवार मी सांगितलेच नाहीत.

११ मार्च
साहेबांना अहवाल दिला. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. त्यांनी कागद परत सरकवला. नियमात वाढणीच आहे, भांडी मोजणं आपलं काम नाही, म्हणाले. मग हळू आवाजात – "मॅडम, आणखी थोडी रजा घ्या."
बाहेर येऊन अहवाल आवक नोंदवहीत चढवून घेतला.

१२ मार्च
सगळे गेल्यावर कपाटातली जुनी कार्डं काढली. एकशे सात हॉटेलं. बहुतेकांवर 'एका वाढणीत'. सही माझीच. कुणाकुणाच्या घरी पथ्य असेल!
पहिल्या हॉटेलचा पत्ता उतरवून घेतला. मापाचं भांडं धुतलं, पुसलं, पिशवीत घातलं.