हातोडी मी नेली आहे

अहो,

हातोडी शोधत बसू नका, मी नेली आहे. जेवण झाकून ठेवलंय.

तुम्ही पढवून पाठवलं होतं तसं सकाळी आपण विकत घेतलेल्या घरी गेले, भाडेकरूंना 'घर कधी सोडता' विचारायला. पण जन्म भाड्याच्या घरात गेलेला. स्वतःच्याच दारात उभी राहून मी विचारलं, "आत येऊ का?"

भाडेकरू म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चहा दिला आणि चाचरत म्हणाल्या, "मालकीणबाई, लेकीचं चित्र लावायचंय. एक खिळा ठोकला तर चालेल?"

मालकीणबाई ऐकून मला हसूच आवरेना. आपल्या लग्नाचा फोटो लग्नापासून पलंगाखाली आहे, कारण आपले घरमालक भिंतीला खिळा लावू देत नाहीत. मी म्हटलं, हवे तेवढे ठोका. मग घर सोडायचं विचारायला तोंडच उघडेना. ते आता तुम्हीच विचारा, जमलं तर.

त्यांच्याकडे हातोडी नाही, म्हणून आपली घेऊन परत तिकडे निघाले आहे. पलंगाखालचा फोटोही पुसून घेतलाय. बाई म्हणाल्या, दुसरा खिळा तुमच्या फोटोसाठी ठोकू.

आपल्या घरात लागेल तो एकदाचा, आपण तिथे नसलो तरी.