झाकणभर आसव

अहो,

तुम्ही होतात तेव्हा कधी चिठ्ठी लिहिली नाही, आणि आता गेल्यावर लिहितेय. राहवत नाही म्हणून. परवा पिंकीला खोकला झाला. तुमची उरलेली आसवाची बाटली घेऊन मेडिकलवर गेले, लेकराला चालेल का विचारायला. मेडिकलवाला म्हणाला, "ह्यात दारूचा अंश असतोय, वैनी. आसव म्हंजी आंबवलेलंच की!" मी तिथंच पायरीवर बसले.

व्यसनमुक्ती केंद्रातून आलात तेव्हा डेअरीनं टँकर परत हातात दिला, पण वर्षभराची अट घातली. कधीही बोलावतील, गेटवर दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं. सगळे ड्रायव्हर बघत असायचे. तुम्हाला त्याची लाज नव्हती. घरी येऊन सांगायचात, "आज बी शून्य!" पोराचा पहिला नंबर आल्यासारखं. नारायणगडावर जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातलीत. सात महिने शून्य, अहो!

मग ती सकाळ. तुम्ही खोकत होतात. उंबऱ्यातच झाकणभर आसव मी तुमच्या तोंडात ओतलं. वर पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, उशीर होईल म्हणून. डेअरी पाच मिनिटांवर. नेमकं त्याच दिवशी बोलावलं, आणि मशीन वाजलं.

"चूळ भरून येतो, परत घ्या," म्हणून तुम्ही हात जोडलेत म्हणे. गेटवरच्या दगडूभाऊंनी ऐकलं नाही. काम गेलं. पण ते परके हो, त्यांचं सोडा. मी काय केलं?

"देवाशप्पथ, थेंब न्हाई घेतला गं."

"मग मशीन कावून वाजलं? माळ काढा आधी! मला फसवलं ते फसवलं, देवाला तरी फसवू नका."

तुम्ही माळ काढलीत आणि देव्हाऱ्यात ठेवलीत. एवढे गप्प का राहिलात हो? पिऊन यायचात तेव्हा घर डोक्यावर घ्यायचात, आणि खरं बोलत होतात त्या दिवशी मुकाट्यानं जेवायला बसलात! ओरडायचं ना माझ्यावर!

दीड महिन्यात छातीत कळ आली आणि गेलात. माळकऱ्याला माळेसकट नेतात. सासूबाई रडत म्हणाल्या, "माळ घाल गं त्याला." मी म्हणाले, "नको." तुम्हाला मी मोकळ्या गळ्यानं पाठवलं. हे कुणाला सांगू?

काल डेअरीच्या गेटवर गेले. दगडूभाऊंसमोर झाकणभर आसव प्यायले आणि मशीनमध्ये फुंकलं. वाजलं. मग चूळ भरली, पाव तास बाकावर बसले, परत फुंकलं. शून्य! दगडूभाऊंनी हात जोडले. म्हणाले, "लई मोठी चूक झाली, वैनी." माझीही तीच झाली होती. पाव तास तुमच्याजवळ बसून नीट विचारलं असतं, तर?

डेअरीच्या वहीत तुमच्या नावापुढचा 'दारू पिऊन आला' हा शेरा खोडला जाईपर्यंत मी रोज त्या गेटवर जाऊन बसेन. पिंकीला सांगेन, तुझा बाप दारू सोडून मेला. आणि तुमची माळ आज मी गळ्यात घातलीय. माझ्या हयातीत ती निघणार नाही. मला तुमच्याकडं आणतील तेव्हा तिच्यासकट आणतील. तेवढी तुमच्या हातानं काढून घ्या.

तुमचं ऐकून न घेतलेली,
पिंकीची आई