एकही चूक नसलेलं पत्र

नागभीड, सोमवार, कार्तिक वद्य पंचमी, १९५८

शकूचं पत्र आलं आणि त्यात एकही चूक नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

जावई फौजेत. त्यांची नेमणूक इथिओपियातल्या लष्करी शाळेत शिकवायला झाली, म्हणून चार महिने झाले, लेक आणि नातू तिथल्या पत्र्याच्या तात्पुरत्या घरात राहतात. आजवर ती लिहायची, 'बाबा, पत्रा तापून राह्यला, मले इथी करमत नाई.' मी पडलो वार्ताहर, त्यातून संस्कृत शिकलेला. लाल पेन्सिलीनं 'मले'चं 'मला' करून पत्र परत धाडायचो. गंमत म्हणून. नुसती गंमतच होती का?

आज लिहिते, 'येथे सर्व क्षेम आहे. गृह सोयीचे आहे.' पत्र्याच्या खोपटाला गृह!

बायकोला म्हटलं, "लेक सुधारली."

"सुधारली नाई, लपवून राह्यली," ती म्हणाली. "मागच्या पत्रात पोराले ताप होता. यात त्याचा एक शब्द नाई. तुमची ते पेन्सिल चुलीत घाला पहिले."

पुन्हा वाचलं. ताप नाही, पत्रा नाही, चूक तर नाहीच. आणि पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

लगेच उत्तर लिहिलं. 'शकू, पोराचा ताप उतरला काय? काऊन लपवून राह्यली? मले चैन नाई.' हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला, तो मागे घेतला. खाली एवढंच जोडलं, 'चुका दिसतील त्या लाल करून पत्र परत पाठव.'

त्या निमित्तानं तरी लिहील.