समोरची भिंत

प्रिय आत्याबाई,

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर मामंजी पाहुण्यांना म्हणाले, “लई गुणाची बाई. येक भिंत तेवढी बिघडवली बगा.” सगळे हसले. मी ताटं उचलत होते. तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. सासूला कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाला असता.

मंगळवेढ्याहून लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, सोलापूर म्हणजे माडीचं घर असणार. बघते तर काय, गिरणीच्या चाळींच्या मधोमध, दारात बैल बांधलेलं, काळ्या दगडाचं शेतातलं घर! तुम्हीच सांगितलंत, आधी विहीर खणली आणि तिच्यातून निघालेल्या दगडांनी मामंजींच्या वडिलांनी हे घर बांधलं. पुढं शेत तुकड्या-तुकड्यानं गेलं आणि शहर दारापर्यंत आलं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी रस्ता रुंद व्हायचं ठरलं. समोरची भिंत सहा फूट मागं घ्यायची होती. मामंजींनी ती स्वतः उतरवली. कितवा थर तेवढ्या रेघा, थरातला कितवा दगड तेवढी टिंबं, अशा खुणा चुन्यानं करून दगड अंगणात रचले. वडिलांनी बांधली तशीच त्यांना परत उभी करायची होती.

मला नव्या नवरीला हे कुठं ठाऊक? माहेरची माणसं येणार होती. वाटलं, पोरांनी दगडांवर रेघोट्या ओढल्यात. पहाटेपासून काथ्यानं घासून सगळे लख्ख धुतले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

“कुनी धुतलं हे?” मामंजी ओरडले.

तुम्ही माझ्या ओल्या पदराकडं पाहिलंत आणि म्हणालात, “म्या धुतलं. घाण दिसत हुतं.”

“इतकी वर्सं हितं राहून एवढंबी कळंना व्हय तुला?”

नंतर चुलीपाशी मला म्हणालात, “तू नवी हाईस, तुजं ते मनात धरतील. मला काय, दोन दिस बोलतील.”

दोन दिवस? सात वर्षं बोलले, आत्याबाई. भिंत आठवेल तशी रचली आणि दिव्याचा कोनाडा हातभर वर गेला. रोज संध्याकाळी तुम्ही पाटावर चढून दिवा लावायचात, आणि मागून त्यांचा टोमणा यायचा. एकदा तरी माझ्याकडं बोट का नाही दाखवलंत? आणि मी तरी गप्प का राहिले? आधी भीती होती, मग ते अंगवळणी पडलं. याची फार लाज वाटते.

उद्या सकाळी मामंजींना चहा देईन आणि सगळं सांगेन. बोलणं टाकलं तर टाकू देत. पण यापुढं या घरात भिंतीचा विषय निघेल तेव्हा नाव माझं निघेल, एवढा शब्द देते.

तुमची,
शांता