शुक्रीने न प्यायलेली कॉफी

७ जानेवारी, शुक्रवार
निश्चय. या हिवाळ्यात कुठल्याही प्लंबरला एक दिनार द्यायचा नाही. आमच्या अश्रफिये मोहल्ल्यातली निम्मी घरं या लोकांनी धुऊन नेली आहेत. थंडी पडली की यांचे फोन लागत नाहीत, आणि लागले की साधी तोटी गळत असली तरी म्हणतात, इमर्जन्सी. माझ्याकडे इमर्जन्सी नाही. फक्त एक आवाज आहे.

आज या मोसमात पहिल्यांदा बॉयलर लावला. पाचला. थोड्या वेळाने शेवटच्या खोलीतला रेडिएटर वाजला. टक टक टक. मग थांबून, टक.

गेल्या हिवाळ्यात बायको, उम रुबा, त्या खोलीत पडून होती. मला हाक मारायचीही ताकद राहिली नव्हती, म्हणून चमच्याने रेडिएटरवर वाजवायची. तीनदा, मग थांबून एकदा. मार्चमध्ये गेली.

पाइप तापले की वाजतात. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी घाबरलो वगैरे नाही. बॉयलर बंद केला तो डिझेल महाग आहे म्हणून.

८ जानेवारी
वरच्या मजल्यावरच्या अबू उदैला जिन्यात सहज विचारलं की तुझे पाइप वाजतात का. कस्टममध्ये होता, त्यामुळे सरळ उत्तर देतच नाही. म्हणाला, का, तुझे वाजतात? मी म्हटलं, नाही, असंच. म्हणाला, वाजू देत, पण मिस्त्री बोलावू नकोस, तुझ्यासारख्या भोळ्या माणसाची ते चामडी सोलतील.

मी भोळा! एकतीस वर्षं भाजीबाजारात सरकारी काट्यावर बसलो. वजनाखाली बोट लावणारे किती पकडले. मला कोण फसवणार?

उम रुबा म्हणायची, अहो, तुम्ही टोमॅटो तोलता, माणसं नाही. तिला बोलायला काय जात होतं.

अबू उदैने जाता जाता एका मिस्त्रीचा नंबर दिला. शुक्री नावाचा. ठेवून दिला. करणार नाही.

११ जानेवारी, मंगळवार
पाण्याचा दिवस. गच्चीवरच्या टाक्या भरल्या. बॉयलर बंदच. गॅसची शेगडी जवळ घेऊन बसलो, गुडघे भाजले, पाठ गारठली. पाळीपाळीने वळून बसायचं, काही अडचण नाही.

लेकीचा, रुबाचा, इर्बिदहून फोन. बाबा, खोकताय का? नाही. बाबा, बॉयलर लावलाय ना? लावलाय. बाबा, इकडे या ना, एकटे काय करता त्या घरात? तिला सांगितलं, मी आलो तर मंगळवारी पाणी कोण भरणार. म्हणाली, तुम्ही तिथे नसलात तर पाणी लागेल कोणाला?

नवऱ्याच्या घरी जाऊन फार हुशार झाली आहे.

१३ जानेवारी
फारच थंडी. पाच मिनिटं बॉयलर लावला, फक्त बिघडला नाही ना बघायला. टक टक टक. टक.

आपोआप उठलो. दारापर्यंत गेलो. मग आठवलं. परत येऊन बसलो. मसुराचं सूप गार झालं होतं.

हे पाय उगीच उठतात. म्हणजे दुरुस्ती पाहिजे. पाइपाची.

१४ जानेवारी, शुक्रवार
शुक्रीला फोन केला. विचारलं, किती घेणार? म्हणाला, हाजी, पैशांचं काय घेऊन बसलात, आधी सांगा काय गळतंय. (मी हजला गेलेलो नाही, पण पांढऱ्या दाढीला इथे सगळे हाजीच म्हणतात.) मी म्हटलं, गळत काही नाही, वाजतंय. म्हणाला, वाजतंय ही इमर्जन्सी? मी म्हटलं, तू ये आणि ऐक. आवाज जरा चढला असेल माझा.

नमाजानंतर आला. जाड, हसरा, पायात मोजे भोकाचे. रेडिएटरला छोटी चावी लावून हवा काढली. फुस्स झालं, काळं पाणी आलं. संपलं काम. हात धुतले, बसला. मी कॉफी दिली, कडू, वेलदोड्याची. त्याने पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवला.

आता हे काय ते आमच्यात कोणालाही कळतं. पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचं आहे. खानदानी माणूस काय ते विचारत बसत नाही. म्हणतो, प्या, दिलं. वडिलांनी असाच एकदा शब्द दिला आणि घरची दुभती गाय गेली. पण मान राहिला.

मला वाटलं, भाच्याला बाजारात चिकटवायचं असेल. ओळख आहे माझी अजून. मी छाती काढून म्हटलं, प्या हो शुक्री, दिलं! त्याने एका घोटात संपवली, मिशी पुसली आणि म्हणाला, ऐंशी दिनार.

पेल्यावर दिलेला शब्द परत घेता येतो का? दिले. एका अर्थी बरंच झालं, खानदान कशाला म्हणतात ते त्याने बघितलं.

संध्याकाळी बॉयलर लावला. टक टक टक. टक.

१५ जानेवारी
अबू उदैने विचारलं, किती घेतले. मी म्हटलं, पंधरा. तो कपाळावर हात मारून म्हणाला, अरे लुटला तुला, हवा काढायचे कोणी पाचच्या वर देतं का? मग दिवसभर जिन्यात भेटेल त्याला सांगत होता, अबू रुबाने पंधरा दिले, पंधरा!

खरा आकडा सांगितला नाही ते किती शहाणपणाचं झालं.

१७ जानेवारी
शुक्रीला फोनवर चांगला झापला. म्हणाला, हाजी, हवेची टकटक गेली. आता जी येते ती वेगळी टकटक. तिचं वेगळं बघावं लागेल.

मी म्हटलं, तीच आहे, मी ओळखतो ना. तो म्हणाला, टकटक कशी ओळखणार हाजी, ती काय माणूस आहे? मी फोन ठेवला.

निश्चय. बुधवारी येऊ द्यायचा, पण कॉफी द्यायची नाही. चहा. चहाला असली काही रीत नाही. हे अजून कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

१९ जानेवारी, बुधवार
चहा पुदिना घालून केला. त्याने ग्लास बघितला आणि हळहळला. साखर आहे मला हाजी, डॉक्टरने चहा बंद केलाय, कडू कॉफी तेवढी चालते.

पाहुणा तोंडाने कॉफी मागतो आणि घरात नाही म्हणायची, असं घर अजून बांधलेलं नाही. केली. त्याने घेतली. ठेवली समोर. काम सुरू करायच्या आधीच!

पण मीही ठरवून बसलो होतो. तोंड उघडायचं नाही. तो माझ्याकडे बघतोय, मी पेल्याकडे. भिंतीवरून उम रुबाचा फोटो दोघांकडे. वाफ संपली. माझी बाजू जड होत होती, काटा माझ्याकडे झुकत होता.

तेवढ्यात आतून टक टक टक. टक. ऐकवण्यासाठी बॉयलर मीच चालू ठेवला होता, विसरलो.

शुक्री दचकला. म्हणाला, आत कोणी आहे? मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाला, मग तुम्ही उठलात का हाजी?

मी खरोखरच उभा होतो. म्हटलं, पी बाबा, दिलं. काय ते दिलं. जा आत.

पाइप भिंतीतल्या पट्टीत घट्ट बसला होता, तापून फुगला की पट्टीत घसरताना वाजत होता. शुक्रीने पट्टी ढिली करून मध्ये रबर घातलं. एकशे वीस. रबर जर्मन आहे म्हणाला.

२० जानेवारी
जिंकलो. बॉयलर दोन तास चालवला. रेडिएटर चिडीचूप. अशी शांतता पैसे देऊनही मिळत नाही. म्हणजे, पैसे देऊन मिळाली.

गरम खोलीत ऑलिव्ह, झातरचा मसाला आणि पाव खाल्ला. टीव्ही लावला. मग आवाज बंद केला. मग टीव्ही बंद केला.

२१ जानेवारी
शेवटच्या खोलीत खुर्ची नेऊन बसलो. एवढे पैसे घेतले, काम नीट झालंय का बघायला नको? काहीच आवाज नाही. नीट झालंय.

२२ जानेवारी
पुन्हा तपासणी. हात लावून बघितला. गरम. कान लावून बघितला. कान भाजला. आत पाणी जातंय, बास, पुढे काही नाही.

ड्रॉवरमध्ये तो चमचा सापडला. रेडिएटरवर एकदा वाजवून बघितला. लोखंड चांगलं आहे की नाही ते कळतं त्यावरून. मग वाट बघितली. कशाची, ते लिहिण्यासारखं नाही.

२४ जानेवारी
डिझेल संपलं. रुबा फोनवर ओरडली. बाबा, महिन्याचं डिझेल आठवड्यात? कोणासाठी तापवता एवढं घर? आता ऐकणार नाही, सामान बांधा, येते मी न्यायला.

तिला सांगितलं, येता येणार नाही. एका चोराशी माझा हिशेब राहिला आहे. शुक्रीने दोन फेऱ्यांत दोनशे उकळले, ते वसूल केल्याशिवाय हे शहर सोडणं मला शोभत नाही. ती म्हणाली, दोनशे?

बोलण्याच्या भरात गेलं.

२५ जानेवारी, मंगळवार
निश्चय. जबरदस्त निश्चय. शुक्रीच्या दुकानात जायचं, तो कॉफी देणारच, पेला घ्यायचा आणि चारचौघांत समोर ठेवायचा. त्याचंच हत्यार! शब्द दे म्हणायचं, आणि दिला की दोनशे मागायचे. अबू उदैला योजना सांगितली (रक्कम नाही). त्याने माझी पाठ थोपटली. म्हणाला, वाघ आहेस तू अबू रुबा, पंधरासाठी एवढं कोण लढतं!

उद्याच जातो.

२६ जानेवारी
बर्फ पडला. वाघसुद्धा बर्फात बाहेर पडत नाहीत.

डिझेलवाला मात्र आला. टाकी भरून घेतली. पाचला बॉयलर लावला. शांतता. ती शांतता आता भिंतीतून चालत या खोलीपर्यंत येते. टकटकीला निदान जागा तरी होती, कुठे जायचं ते कळत होतं.

२७ जानेवारी
गेलो. दुकानात शुक्री आणि दोन गिऱ्हाइकं, शेजारच्या दुकानात न्हावी. मला बघून शुक्रीचा चेहरा पडला. तरी कॉफी आली. मी पेला घेतला आणि ठेवला. ठक्कन.

न्हाव्याने वस्तरा थांबवून दारातून डोकावलं. शुक्री हळूच म्हणाला, हाजी, वीस परत देतो. मी गप्प. चाळीस. मी गप्प. न्हावी म्हणाला, शुक्री, म्हाताऱ्याचा पेला गार होतोय, लाज वाटू दे. शुक्रीला घाम फुटला. शेवटी हात वर करून म्हणाला, प्या हो अबू रुबा! या सगळ्यांसमोर सांगतो, जे मागाल ते दिलं!

प्यायलो. आयुष्यातली सगळ्यात चवदार कॉफी. आता फक्त दोनशे म्हणायचं होतं. रात्रभर पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, ते रबर काढ.

शुक्री म्हणाला, काय? मी म्हटलं, रबर. पट्टी होती तशी घट्ट कर. वाजत होता तसा वाजू दे.

त्याने पुन्हा विचारलं नाही. न्हाव्याने मात्र विचारलं, आणि पैसे? शुक्री त्याला म्हणाला, तू तुझी दाढी कर.

२८ जानेवारी, शुक्रवार
शुक्री आला. काम व्हायला संत्रं सोलण्याइतकाही वेळ लागला नाही. मी कॉफी दिली. त्याने पेला खाली ठेवला नाही, सरळ पिऊन टाकला. फोटोकडे बघून म्हणाला, अल्ला त्यांच्यावर रहम करो. मला वाटलं, माणूस सुधारला. माझ्या सहवासाचा परिणाम.

दारात बूट घालता घालता म्हणाला, हाजी, शब्द कामाचा दिला होता, तो पाळला. पण आज शुक्रवार आहे, इमर्जन्सी फेरीचे चाळीस होतात.

दिले. साठ सांगितले असते तर नसते दिले. कदाचित.

जिन्यात अबू उदैने विचारलं, मिळाले का रे परत? मी म्हटलं, सगळे. म्हणाला, शाबास.

रुबाला फोन करून सांगितलं, इतक्यात यायला जमणार नाही, घरात अजून कामं आहेत. ती म्हणाली, स्वेटर घालून बसा.

पाचला बॉयलर लावला. खुर्चीत बसलो, मुद्दाम बाहेरच्या खोलीत. बराच वेळ काही नाही. मग आतून टक. टक.

पुढे काही नाही. पुन्हा वाट बघितली. टक, टक. दोनच.

तीन आणि एक यायला पाहिजेत. पूर्ण पैसे घेतले आणि माल निम्मा. मापात सरळ सरळ खोट आहे. काट्यावर असतो तर जागेवर पकडला असता.

उठलो. आलो, म्हटलं.