शेजारच्या दोन मूळ संख्या

प्रिय झोया,

मोबाईल हाताशी असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसलीय, म्हणून हसली असशील. हस, पण आधी दाराला कडी लाव. राजेश्वरी माडीवरच आहे ना? तिला खिडकीत उभी राहू देऊ नकोस.

आपला आकडा फुटलाय गं. सहाशेवर अंकांचा तो, आपल्या ॲपचं कुलूप. घर सोडून आलेल्या बायकांचे निरोप त्याच्याच भरवशावर होते. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार उघड्यावर ठेवायचा आणि त्या दोघी लपवायच्या. नुसत्या गुणाकारावरून त्या शोधायला जन्म पुरायचा नाही, असं आपण छाती ठोकून सांगायचो. फक्त त्या एकमेकींपासून लांब असाव्या लागतात. आणि तू म्हणालीस, होस्टेलवर आपल्या खोल्या शेजारी होत्या, तर संख्याही शेजारच्याच घेऊ. मलाही ते लय आवडलं. वर कॉलेजच्या गेट-टुगेदरला आपण दोघींनी ते सगळ्यांना मिरवून सांगितलं!

१०४०३ घे. त्याचं वर्गमूळ १०२ च्या अगदी जवळ येतं. १०२ चा वर्ग १०४०४, म्हणजे एकच जास्त. मग एक मागे, एक पुढे: १०१ आणि १०३. झाला आकडा मोकळा. आपला सहाशे अंकांचाही तसाच, वर्गमूळ काढलं की दोघी दोन बाजूंना सापडतात. वीरधवल आठवतो? आपल्या वर्गातला, त्या दिवशी समोरच बसला होता. राजेश्वरीच्या नवऱ्याचा, जयराजचा, धाकटा भाऊ आहे तो. राजेश्वरी त्यांच्याच घरची सून, हे आपल्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

परवा जयराज इथे साताऱ्याच्या ऑफिसात आला. बायकोचा हात मोडणारा माणूस, पण आवाज जरासुद्धा चढला नाही. आमच्या बनुबाईंनी पाणी दिलं, ते प्याला आणि जाता जाता त्यांना म्हणाला, "मावशी, आमच्या हिला हळदीचा वास सोसत न्हाई. डोकं दुखतंय म्हणं तिचं."

राजेश्वरीने हे आदल्याच दिवशी ॲपवर फक्त मला कळवलं होतं. तुझा पत्ता आपण तिथे कधी लिहिला नाही, नशीब. पण हळद म्हटलं की सांगली, आणि तुझ्यासारखी हळदीच्या गोदामावर माडी असलेली घरं तिथे असून असून किती असणार?

मला फोन करू नकोस. त्याने आणखी काय काय उघडलंय, कोण जाणे. बुधवारी ॲपवर माझा निरोप येईल: राजेश्वरीला गुरुवारी दुपारी लोणंद स्टेशनवर आणून सोड. तो निरोप तुझ्यासाठी नाही, त्या दोघा भावांसाठी आहे. तू नुसतं 'हो' लिही, आणि गुरुवारी राजेश्वरीला सुलाबाईंबरोबर पाठव. हे पत्र आणणाऱ्या त्याच, कुठे न्यायचं ते त्यांना माहीत आहे. पोलिसांना सांगितलंय, येतो म्हणालेत. येतील तेव्हा खरं. पण फलाटावर पदर घेतलेली एक बाई बसलेली दिसायला हवी, नाहीतर ते तसेच मागे सांगलीला वळतील. राजेश्वरीची हिरवी साडी माझ्याकडेच राहिलीय. ती मी इस्त्री करून ठेवलीय.

तुझीच,
संयोगिता